आरासाकची चित्रं आणि घरी केलेला संवाद-फलक: एका जुन्या कंपोझिटरचा अभिप्राय

आरासाक हा चित्रसंग्रह स्पेनमधल्या आरागोन प्रांताचं सरकार चालवतं. ज्यांना तोंडाने बोलणं जमत नाही किंवा कमी जमतं त्यांच्यासाठी काढलेली हजारो साधी चित्रं तिथे फुकट उतरवून घेता येतात. त्यातली निवडक चित्रं एका जाड कागदावर मांडून मी नातवासाठी संवाद-फलक केला, म्हणजे चित्रावर बोट ठेवून मनातलं सांगायचा तक्ता. आता तो बरेच दिवस वापरात आहे, म्हणून लिहितो. मी थेरपिस्ट नाही. उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेली, त्यामुळे चित्रांपेक्षा मांडणीवरच जास्त बोललो तर चालवून घ्या.

नातवाला सगळं कळतं. ‘दाराआडची चप्पल आण’ म्हटलं की आणतो, गोष्टीतलं एखादं पान मी मुद्दाम गाळलं तर ते परत उलटायला लावतो. शब्द मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन वर्षांच्या मुलाकडे 50 पेक्षा कमी शब्द असतील आणि तो दोन शब्द जोडत नसेल, तर तपासणी करून घ्यावी असा एक ढोबळ निकष वापरतात. नातू त्या वयाच्या बराच पुढे गेला होता. श्रवण-चाचणी आधी झाली, ती व्यवस्थित निघाली. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ हे वाक्य आमच्याही घरात झालं. त्यात तथ्य नाही असं नाही, उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं आपापली सावरतात. पण नेमकं कोणतं सावरेल आणि कोणाचा भाषेचा त्रास पुढे शाळेतही सोबत राहील, हे आधी कोणी छातीठोक सांगू शकत नाही. थेरपिस्ट बाईंनी वाट न पाहता फलक सुरू करायला सांगितला.

सूनबाईंची शंका रास्त होती: चित्रावर बोट ठेवून काम भागलं तर पोरगा बोलायचे कष्ट कशाला घेईल? या प्रश्नावर लोकांनी काम केलेलं आहे. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 मध्ये अशा साधनांवरचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांच्या मते ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा 27 जणांपैकी 24 जणांचं तोंडी बोलणं वाढलं, तिघांचं होतं तेवढंच राहिलं आणि कमी कोणाचंच झालं नाही. वाढही बहुतेकांची बेताचीच होती, हेही त्यांनी लिहिलं आहे. मला तो आकड्यांइतकाच महत्त्वाचा भाग वाटला. फुगवून सांगणाऱ्यांपासून मी जपून असतो. पुढे 2010 मध्ये रॉम्स्की आणि सहकाऱ्यांनी विकास मागे असलेल्या 60 हून अधिक लहानग्यांवर प्रयोग केला. त्यात काही आईवडिलांना मुलाकडून नुसतं तोंडाने बोलून घ्यायला शिकवलं, तर काहींना बोलकं यंत्र (चित्राचं बटण दाबलं की शब्द उच्चारणारं) सोबत वापरायला; यंत्रवाल्या मुलांचा शब्दसाठा जास्त वाढला. एवढ्यावर सूनबाई तयार झाल्या.

आता मांडणी. नेटवर तयार फलक पाहाल तर त्यात प्राणी, फळं, वाहनं यांची गर्दी दिसेल. दिसायला गोजिरं, कामाला निरुपयोगी. ‘हत्ती’ म्हणायची वेळ दिवसातून किती वेळा येते? 2003 मधल्या एका अभ्यासात 50 लहान मुलांचं रोजचं बोलणं टिपलं होतं. सगळ्यांत जास्त वेळा आलेल्या शब्दांत वस्तूंची नावं नव्हतीच. होते ते ‘मी’, ‘नको’, ‘हवं’, ‘आणखी’, ‘इथे’, ‘मदत’ असले किरकोळ दिसणारे शब्द. हे वाचलं आणि मला छापखान्यातली खिळ्यांची केस, म्हणजे कप्प्यांची पेटी, आठवली. सतत लागणाऱ्या अक्षरांचे कप्पे मोठे आणि हाताशी, क्वचित लागणारी जोडाक्षरं वर कोपऱ्यात. कप्प्याची जागा कधी बदलायची नाही, कारण जुळणी डोळा नाही, हात करतो. फलक मी तसाच लावला. मधोमध ‘आणखी’, ‘नको’, ‘थांब’, ‘बघ’, ‘उघड’, ‘चल’, ‘मदत’, ‘संपलं’; डाव्या कडेला माणसं; नामांना वरची एकच ओळ. पुढे फलक वाढवायचा म्हणून काही चौकटी रिकाम्या सोडल्या, म्हणजे जुन्या शब्दांना हलवावं लागणार नाही.

चित्रं सर्गिओ पालाओ यांनी काढलेली. रेषा जाड, पार्श्वभूमी कोरी, एका चित्रात एकच गोष्ट. रंगीत आणि काळी-पांढरी अशा दोन्ही तऱ्हा मिळतात. साइटवरच माणसाच्या कातडीचा आणि केसांचा रंग बदलता येतो, चित्रावर फुली मारता येते, अनेकवचनाची किंवा भूतकाळाची खूण लावता येते. चौकटींना रंग मी थेरपिस्ट बाईंच्या सांगण्याप्रमाणे दिले: माणसं पिवळी, क्रियापदं हिरवी, विशेषणं निळी, नामं नारिंगी. या पद्धतीचं मूळ ईडिथ फिट्झजेराल्ड या शिक्षिकेकडे जातं. बहिऱ्या मुलांना वाक्यरचना शिकवण्यासाठी तिने एक तक्ता बसवला होता.

उणीव म्हणाल तर ती सगळ्याच चित्रसंग्रहांची आहे. चेंडूचं चित्र कोणालाही कळतं, ‘आणखी’चं चित्र कोणालाच आपोआप कळत नाही. ते शिकवावं लागतं. चित्राखालचा मजकूरही विचार करून टाका, आणि तो मुलाच्या तोंडचा असू द्या. आमच्या पहिल्या प्रुफावर कोणीतरी ‘देऊ का?’ सुचवलं होतं. पोराला म्हणायचं असतं ‘दे’.

याआधी टॅब्लेटवरचं एक बोलकं ॲप आणलं होतं, नाव घेत नाही. आवाज निघतो हा त्याचा खरा फायदा, दुसऱ्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जातं. पण एका अपडेटनंतर बटणांच्या जागा सरकल्या आणि पोराचा सरावलेला हात अडखळला. कंपोझिटरच्या दृष्टीने हा गुन्हा आहे. शिवाय त्याच काचेवर व्हिडिओही दिसतात हे त्याला ठाऊक, त्यामुळे प्रत्येक बोलणं शेवटी तिकडेच वळायचं. ज्यांचं बोलणं कायमचं यंत्रावर अवलंबून राहणार आहे त्यांना चांगलं ॲप हवंच, कागद पुरणार नाही. आम्हाला सध्या पुरतो.

फलक टांगून ठेवला की मूल बोलू लागतं, असं मात्र अजिबात नाही. पहिले कितीतरी दिवस बोट आपणच ठेवायचं. ‘चल’ म्हणताना ‘चल’वर, ‘उघड’ म्हणताना ‘उघड’वर, मुलाने काही करावं अशी अपेक्षा न ठेवता. मोठ्या माणसांना हेच जड जातं. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक पाहुणा परीक्षक होतो: हे काय, ते काय, दाखव बघू. अशाच एका दूरच्या काकांनी प्रश्नांची फैर झाडल्यावर नातवाने शांतपणे ‘संपलं’वर बोट ठेवलं आणि तो उठून गेला. फलकावरचं त्याचं ते पहिलं आपणहून केलेलं विधान. काका रागावले, मी मनात खूश झालो.

आता तो ‘आणखी’ आणि ‘बघ’ जोडून दाखवतो, कधी ‘आजोबा, चल’. ‘नको’ तोंडानेही स्पष्ट येतो, ‘आणखी’चा अर्धामुर्धा उच्चार होतो. यातलं किती फलकामुळे, किती थेरपीमुळे आणि किती वयामुळे, ते वेगळं काढता येणार नाही. आदळआपट कमी झाली हे घरातल्या सगळ्यांनाच जाणवलं.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो शोधामुळे: एका शब्दाला इतकी चित्रं पुढे येतात की निवडतानाच संध्याकाळ होते. चित्रं विकायला किंवा धंद्याला वापरायची परवानगी नाही, आणि छापताना चित्रकाराचं व संस्थेचं नाव द्यावं लागतं. मी ते खाली बारीक टायपात टाकलं. लॅमिनेशन चकचकीत घेऊ नका, दिव्याखाली चित्र दिसत नाही. आणि एकाच मांडणीच्या निदान तीन प्रती काढा: एक घरात, एक बाहेर जायच्या पिशवीत, एक बालवाडीच्या बाईंकडे.