जुन्या चित्रपटांचे ‘यूट्यूब राइट्स’ : पैसेही जातात आणि चॅनेलही

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी येते. १९८०-९० च्या दशकांतले पंधरा-वीस मराठी चित्रपट, शेजारी ‘क्लिअर राइट्स, एचडी मास्टर, एनओसी मिळेल’ असा मजकूर आणि सगळ्या लॉटचा एकच भाव. चॅनेल वाढवण्यासाठी धडपडणारा माणूस फोन लावतो. समोरचा ‘निगेटिव्ह आमच्याकडेच आहे’ असे ठणकावून सांगतो आणि टोकन मागतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार होतो, नोटरीचा शिक्का बसतो, गूगल ड्राइव्हची लिंक येते. घेणाऱ्याला वाटते, काम पक्के झाले.

पक्के काहीच झालेले नसते. नोटरी फक्त सही कोणी केली ते पाहतो. विकणाऱ्याकडे हक्क होता का, याच्याशी त्याचा संबंध नाही. मास्टर टेप, डीव्हीडी, अगदी खरी निगेटिव्ह हातात असली तरी ती मालकी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि पहिला हक्क त्याचा. त्याच्यापासून आज विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक टप्प्याचा लेखी करार हवा. मधला एक जरी नसला, तरी त्यापुढच्या सगळ्या करारांना किंमत उरत नाही.

हे करार कुठे तुटतात, ते जवळपास ठरलेले आहे. निर्माता वारला आणि चार वारसांपैकी एकानेच सही केली. संस्था भागीदारीतली होती आणि एका भागीदाराने परस्पर विकले. फायनान्सरने कर्जापोटी निगेटिव्ह अडकवली आणि तिलाच मालकी समजून पुढे सरकवली. याहून फसवा प्रकार म्हणजे व्हीसीडीच्या काळात घेतलेले ‘होम व्हिडिओ’चे हक्क आज डिजिटल म्हणून विकणे. यूट्यूब आले २००५ मध्ये. त्याआधीच्या करारात इंटरनेटचा उल्लेख क्वचितच असतो. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने तर स्पष्टच केले, की करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हते, त्याचे नाव घेऊन हक्क दिले नसतील तर ते दिलेच गेले नाहीत. त्याआधीच्या करारांत शब्दाशब्दावर वाद होतो आणि तो कोर्टात जातो. असा वादातला माल लॉटमध्ये कोणीही घेऊ नये.

करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसते, म्हणून ‘संपूर्ण जग’ हे शब्द हवेतच. विकणाऱ्याचा स्वतःचा करार किती तारखेपर्यंत आहे आणि त्याला सबलायसन्स, म्हणजे पुढे दुसऱ्याला परवाना, द्यायची मुभा आहे का, हेही वाचायचे. ज्याच्या स्वतःच्याच कराराची दोन वर्षे उरलीत, तो तुम्हाला दहा वर्षे देऊ शकत नाही.

चित्रपटाचा हक्क खरा असला तरी गाण्यांचा वेगळा असू शकतो. ऑडिओचे हक्क पुष्कळदा निर्मात्याने तेव्हाच म्युझिक कंपनीला विकलेले असतात. अपलोड होताच गाण्यांवर कंटेंट आयडी (मालकाचा माल आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम येतो आणि जाहिरातींचे पैसे तिकडे वळतात. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवर नोंदला जाणारा कॉपीराइटभंगाचा ठपका) नव्हे, इथवर चॅनेल शाबूत असते. पण विकणारा सांगतो, ‘डिस्प्यूट टाका, कागद मी देतो.’ इथेच माणूस खोलात जातो. डिस्प्यूटला उत्तर द्यायला क्लेम करणाऱ्याला ३० दिवस असतात. त्याने डिस्प्यूट फेटाळला आणि तुम्ही अपील केले, की क्लेम करणारा व्हिडिओ काढायची रीतसर मागणी करू शकतो, आणि तिच्याबरोबर स्ट्राइक येतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद, तुमचे स्वतःचे व्हिडिओसुद्धा गेले. नंतर व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक उतरत नाही. काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे व्हिडिओ चुकून काढला असा यूट्यूबकडे रीतसर दावा, तर खोट्या कागदाच्या भरवशावर मुळीच पाठवू नका. ते शपथेवरचे निवेदन असते आणि तुमचे नाव-पत्ता समोरच्याकडे जातो.

‘हा जुना आहे, फ्री झालाय’ हीसुद्धा एक थाप. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६४ चा चित्रपट ३१ डिसेंबर २०२४ ला मोकळा झाला, १९७५ चा अजून झालेला नाही. शिवाय कथा, गीते आणि संगीत यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि तिची मोजणी वेगळी. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे, चित्रपट कितीही जुना असो. व्हिडिओखाली ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड’ लिहून काहीही वाचत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत मागा आणि त्यावरचे निर्मात्याचे नाव पहिल्या करारातल्या नावाशी जुळवा. निर्माता हयात असेल तर त्याला, नसेल तर वारसांना स्वतः फोन करा. नंबर विकणाऱ्याकडून घेऊ नका. विकणाऱ्याला त्याच्याच चॅनेलवर चित्रपट प्रायव्हेट ठेवून अपलोड करायला सांगा आणि अपलोड करताना कॉपीराइट तपासणारा ‘चेक्स’चा टप्पा तुमच्यासमोर उघडायला लावा. तिथे क्लेम दिसला तर प्रश्न मिटला, तो चित्रपट घ्यायचा नाही. दिसला नाही तर मात्र खूश होऊ नका, कारण सगळे मालक कंटेंट आयडीत नसतात. मोठी रक्कम असेल तर वकिलामार्फत वर्तमानपत्रात आणि फिल्मी साप्ताहिकात जाहीर नोटीस देऊन हरकतींसाठी १४ दिवस थांबा. हा खर्च लॉटच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि खोटा विकणारा नोटिशीचे नाव काढताच टाळाटाळ सुरू करतो. पैसे बँकेतूनच द्या, हप्त्याने द्या, आणि दावा आल्यास भरपाई तो देईल असे कलम लिहून घ्या.

आधीच फसला असाल तर उरलेले चित्रपट आजच अपलोड करायचे थांबवा. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, बँकेचे उतारे आणि मूळ करार जपा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पोलिस ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवू पाहतात. तेव्हा भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ आणि, कागद बनावट असेल तर, कलम ३३६ लेखी अर्जात नमूद करा. चॅनेल वाचवायचा जवळचा रस्ता मात्र खऱ्या मालकाकडे जातो. त्याला व्हिडिओची लिंक, तुमचा करार आणि पैसे दिल्याचा पुरावा पाठवा, आणि स्ट्राइक मागे घेण्याची, म्हणजे रिट्रॅक्शनची, विनंती करा. ते त्याला यूट्यूबकडे स्वतः कळवावे लागते. त्याच्याशी हुज्जत घालू नका; त्याचाही माल चोरीलाच गेलेला आहे, आणि विकणाऱ्याविरुद्ध तोच तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे.