टीपी-लिंक सीपीई 510: घरच्या राउटरवरून शेतघरापर्यंत इंटरनेट

घर आणि शेतघर यांच्यामध्ये रस्ता आडवा असल्यामुळे केबल ओढणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही सीपीई 510 या वायरलेस ब्रिजची (दोन ठिकाणची नेटवर्क बिनतारी जोडणाऱ्या उपकरणाची) जोडी बसवली आणि तिच्यावर एकंदरीत समाधानी आहोत. उपकरण 5 गिगाहर्ट्झवर चालते, अँटेना 13 डीबीआयचा (अँटेनाच्या क्षमतेचे एकक) आहे आणि वीज व डेटा एकाच इथरनेट केबलमधून जात असल्याने गच्चीवर वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही.

जोडणी मात्र सबुरीने करावी. दोन्ही उपकरणांचा मूळ नेटवर्क पत्ता (आयपी) 192.168.0.254 हाच असतो. त्यामुळे एकेक उपकरण लॅपटॉपला लावून, घरच्या राउटरच्याच मालिकेतला, पण राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांपैकी नसलेला स्वतंत्र पत्ता त्याला द्यावा. राउटरकडचे उपकरण अ‍ॅक्सेस पॉइंट (सिग्नल देणारे), पलीकडचे क्लायंट (तो घेणारे), आणि डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) फक्त घरच्या राउटरवर, एवढी व्यवस्था लागली की निम्मे काम झाले. पलीकडे वायफायसाठी जुना राउटर लावताना पुष्कळजण केबल वॅन (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) पोर्टमध्ये घालतात. तेथे इंटरनेट येते, परंतु नेटवर्क वेगळे पडते आणि शेतघरातला कॅमेरा घरातल्या फोनला सापडत नाही. जुन्या राउटरचा पत्ता बदलून, त्याचे डीएचसीपी बंद करून केबल लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये घातल्यास ही अडचण येत नाही. अ‍ॅडॉप्टरवरचे दोन पोर्टही नीट वाचून घ्यावेत: पीओईची (वीज आणि डेटा दोन्ही नेणारी) केबल ब्रिजकडे जाते, लॅनची राउटरकडे.

खोक्यावरचे किलोमीटरचे आकडे फारसे मनावर घेऊ नयेत. मध्ये आंब्याचे एक डेरेदार झाड आले, तरी सिग्नल पडतो, आणि पावसात पाने भिजली की आणखी पडतो. त्यामुळे दोन्ही टोके एकमेकांना स्पष्ट दिसतील इतकी उंची साधून, एकाने सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा वाचावा आणि दुसऱ्याने उपकरण हळूहळू फिरवावे. उणे 80 पेक्षा उणे 55 कितीतरी चांगला.

खरी उणीव वेगाची आहे. जाहिरातीत 300 एमबीपीएस असले, तरी इथरनेट पोर्ट 100 एमबीपीएसचाच असल्याने प्रत्यक्षात त्याच्या आतलाच वेग मिळतो. कॅमेरे आणि व्हिडिओ कॉल यांना तो पुरेसा आहे. घरी 200 एमबीपीएसचा प्लॅन असून तो पलीकडेही पुरेपूर हवा असेल, तर गिगाबिट पोर्ट असलेला सीपीई 710 घ्यावा.