पित्ताशय काढताना : दुर्बिणीतून की पोट उघडून?
पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनमध्ये केली. ते दुर्बिणीतून काढण्यासाठी मात्र १९८५ साल उजाडावे लागले. आज खड्यांचा त्रास असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी दुर्बिणीचीच पद्धत निवडली जाते, आणि ते योग्यच आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून साधारण ५ ते १० मिलिमीटरच्या चार छिद्रांतून काम होते, वेदना कमी राहतात आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. उघड्या शस्त्रक्रियेत उजव्या बरगड्यांखाली लांब छेद द्यावा लागत असल्याने साधे खोकतानाही टाके ओढले जातात.

तरीही एका बाबतीत दुर्बिणीचे पारडे हलके पडते : यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका, मुळात कमी असला तरी, या पद्धतीत किंचित अधिक आढळला आहे. म्हणूनच पित्ताशयाकडे जाणारी नलिका आणि रक्तवाहिनी, या दोनच रचना स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापू नये, असा दंडक आहे. सुजेमुळे सारे चिकटून ही ओळख पटेनाशी झाली, तर मध्येच पोट उघडणे हे अपयश नव्हे, जरी नातेवाइकांना ते तसे वाटत असले तरी. कर्करोगाची दाट शंका असल्यास, पित्त सांडून पेशी पसरू नयेत यासाठी, अनेक शल्यविशारद आरंभापासूनच उघडी शस्त्रक्रिया पसंत करतात.