फेटचे प्रक्षेप्य गतीचे सिम्युलेशन: तोफ, भोपळा आणि ड्रेस्डेनच्या मुलाचे गणित
फेकलेली वस्तू हवेतून कशी जाते ते दाखवणारे, कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाचे हे सिम्युलेशन मी उघडले ते एका जुन्या बातमीमुळे. जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये शिकणाऱ्या, मूळच्या कोलकात्याच्या 16 वर्षांच्या मुलाने न्यूटनचे साडेतीनशे वर्षे न सुटलेले कोडे सोडवल्याचे 2012 साली आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही छापले होते. कोडे कोणते, हे मात्र त्यातून फारसे उमगत नव्हते. हवेचा रोध धरून फेकलेल्या वस्तूची वाट सूत्रात कशी मांडायची, हे ते कोडे; ब्राउझरमध्ये चालणाऱ्या या मोफत साधनाने ते दहा मिनिटांत डोळ्यांसमोर आणले.

तोफेत भोपळा भरावा, वेग सेकंदाला 30 मीटर व कोन 45 अंश ठेवावा आणि हवेचा रोध बंद करून बार उडवावा. पाठ्यपुस्तकातला अन्वस्त (पॅराबोला) उमटतो, पल्ला सुमारे 92 मीटर भरतो. मग रोध चालू करून पुन्हा डागले, की दुसरी वाट पहिलीच्या आतून जाते आणि भोपळा चढला त्यापेक्षा बऱ्याच उभ्या रेषेत उतरतो. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि नेहमी वेगाच्या उलट दिशेने लागतो. त्यामुळे आडवी गती उभ्या गतीपासून वेगळी काढता येत नाही आणि दोन्ही समीकरणे एकमेकांत अडकतात. सदिशांच्या (व्हेक्टर्सच्या) पडद्यावर वेग व बलांचे बाण लावून पाहिले, की ही गुंतागुंत स्पष्ट दिसते.

त्या मुलाने आडव्या व उभ्या वेगांना जोडणारी आणि संपूर्ण उड्डाणभर स्थिर राहणारी एक राशी शोधली होती. ‘युगेंट फोर्श्ट’ या जर्मनीतील तरुणांच्या विज्ञान स्पर्धेत त्याला गणित-संगणक विभागात दुसरा क्रमांक मिळाला. त्यानंतर ड्रेस्डेनच्याच तंत्र विद्यापीठातील दोन गणितज्ञांनी शाळकरी वयाच्या मानाने हे काम कौतुकास्पद असले, तरी त्यातील पायऱ्या जाणकारांना ठाऊकच असल्याचे दाखवून दिले. स्विस गणितज्ञ योहान बर्नुलीने 1719 सालीच या प्रश्नाची उकल संकलनाच्या (इंटिग्रलच्या) रूपात मांडली होती. शिवाय हवी तेवढी अचूक वाट टप्प्याटप्प्याने आकडेमोड करून काढता येतेच; भोपळ्याची वाटही तशीच आखली जाते. त्यामुळे ‘न सुटलेले’ हा शब्द मला तेव्हाही खटकायला हवा होता.

समीकरणे मात्र इथे कुठेच दिसत नाहीत, ती शिक्षकानेच फळ्यावर मांडायची. पियानो, मोटार आणि चक्क माणूस डागण्याचीही सोय आहे. वर्गात मुले आधी तेच करतील, त्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत.