मेटारायझियमची पावडर: खोडव्यातील हुमणीवर दोन हंगामांचा अनुभव

आमच्या माळावरच्या जमिनीत उसाच्या खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, हुमणी (जमिनीत राहून मुळे खाणारी अळी) लागणे नवीन नाही, परंतु वर्षानुवर्षे फोरेट या रासायनिक कीटकनाशकाच्या ज्या दाण्यांवर भिस्त होती, त्यावर केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशाने 2020 च्या अखेरीपासून बंदी आली आणि दुसरा उपाय शोधणे भाग पडले. कृषी सेवा केंद्रातून आणलेली मेटारायझियम ॲनिसोप्ली या कीड मारणाऱ्या बुरशीची पावडर मी दोन हंगाम वापरली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पहिल्या वर्षी जे बिघडले त्याचा दोष कंपनीचा, दुकानाचा की माझा, हे मला आजही ठरवता येत नाही.

किलोला 180 रुपये पडले. एकरी आठ किलो, म्हणजे हेक्टरी वीस किलो, अशी सर्वसाधारण शिफारस असल्याने एकराचा खर्च दीड हजाराच्या आत बसतो. पुडीवर ग्रॅममागे दहा कोटी जिवंत बीजाणू असल्याचे छापलेले असते. त्यातला 'जिवंत' हा शब्दच महत्त्वाचा आहे, आणि घेणारे आपण बहुधा नेमके तेच विसरतो.

पहिल्या वर्षी मी पुडी ऑगस्टच्या अखेरीस आणली, आणि तीही पत्र्याखालच्या पोटमाळ्यावरून काढून दिलेली. कोंब पिवळे पडून पाने सुकू लागली होती आणि हाताने ओढले तर उसाचे बेट (एका बुडाचा फुटव्यांचा झुपका) मुळासकट सहज वर येत होते. इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वाकलेल्या, पिवळसर डोक्याच्या जाड अळ्या प्रत्येक बेटाखाली सापडत होत्या. त्या तिसऱ्या अवस्थेतल्या होत्या, म्हणजे सर्वांत खादाड आणि बुरशीला सर्वांत कमी दाद देणाऱ्या. परिणाम शून्य. दुकानदार म्हणाला, "दादा, उशीर केलात." त्याचे म्हणणे खरे होते, पण पुडी पोटमाळ्यावर किती दिवस तापत पडली होती, हे मात्र त्याने सांगितले नाही.

दुसऱ्या वर्षी आधी पुडीची परीक्षा घेतली. चिमूटभर पावडर वाफवून गार केलेल्या भातावर टाकून झाकण सैल ठेवलेल्या बरणीत सावलीला ठेवली. आठ-दहा दिवसांत भातावर पांढरी आणि मग गडद हिरवी बुरशी धरली. घरच्या भातावर दुसरीही बुरशी येऊ शकते, त्यामुळे ही परीक्षा पक्की नव्हे, मात्र काहीच उगवले नाही तर पावडर परत करावी, एवढे त्यावरून नक्की कळते.

मग पूर्ण कुजलेल्या शेणखतात पावडर मिसळून, हलके पाणी शिंपडून, ओले गोणपाट टाकून ढीग आठवडाभर सावलीत ठेवला आणि जून-जुलैच्या संधीकाळात, जमिनीत चांगली ओल असताना, सरीत बेटांच्या बुडाशी देऊन मातीआड केला. शेणखत कच्चे असेल तर त्यातूनच हुमणी शेतात शिरते, म्हणून येथे कंजुषी नको. बुरशीनाशकाची आळवणीही (मुळाशी औषधाचे पाणी ओतणे) त्या काळात टाळली, कारण ही पावडर स्वतःच बुरशी आहे.

ती अळीने खावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे: बीजाणू अळीच्या कातडीला चिकटून रुजतो, आत शिरतो आणि शरीरात वाढतो. सप्टेंबरमध्ये कुदळीने एका बेटाखाली उकरले तेव्हा एक अळी खडूसारखी कडक झालेली सापडली. वरचा पांढरा थर बोटाने पुसला तर कडेला शेवाळी हिरवा रंग धरलेला होता. अशा अळ्या सरसकट नव्हत्या. आमच्या मोजणीत वीसपैकी सात, बाकी जिवंत. त्यामुळे पीक वाचले असे म्हणता येते, पण कीड संपली असे नाही. रासायनिक दाण्यांसारखी दोन दिवसांत मेलेल्या अळ्यांची रास पाहायची सवय असलेल्याला हे थंड वाटेल, आणि मलाही ऑगस्टभर तसेच वाटत होते.

यश एकट्या पावडरचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वळिवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भुंगेरे, म्हणजे हुमणीचे पूर्ण वाढलेले किडे, जमिनीतून निघून बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर येतात. तेथे दिव्याखाली पाण्यात थोडे रॉकेल टाकलेली परात ठेवून ते आम्ही रोज गोळा केले. एक मादी साठच्या आसपास अंडी घालते, तेव्हा परातीत पडलेला प्रत्येक भुंगेरा शेतातला मोठा खर्च वाचवतो. शेजारच्या दोन बांधांवर कोणी दिवा लावला नाही, आणि आमच्याकडे उरलेली कीड बहुधा तिकडूनच आली.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. जूनमध्ये, थंड जागेतून, ताज्या तारखेची पुडी मिळत असेल तर अवश्य घ्यावी. ऑगस्टमध्ये पिवळा ऊस बघून दुकानाकडे धावणार असाल, तर हे पैसे खर्चू नका. यंदा पावडर मी मेअखेरीस आणणार आहे, आणि बरणीतला भात हिरवा झाल्याशिवाय शेणखताच्या ढिगाला हात लावणार नाही.