हाली रुपये विकायचे: लिलावगृहाला द्यावेत की स्वतः बोली मांडावी?

परभणी, नांदेडकडच्या जुन्या घरांत हाली रुपयांचा, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या चांदीच्या रुपयांचा, एखादा डबा अजून निघतो. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, हाली शिक्का मात्र १९५९ पर्यंत चालला. ज्यांनी तो वेळेत मोडला नाही त्यांचे रुपये ट्रंकेत राहिले. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत ४२ निघाले, सगळे चारमिनार छापाचे. त्यातले २४ मी एका लिलावगृहाच्या ऑनलाइन लिलावात दिले आणि बाकीचे संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतः बोलीला मांडून विकतोय. घरात असा डबा असेल आणि काय करावं सुचत नसेल, तर हे तुमच्यासाठी.

सराफाकडे नेऊ नका. तो काट्यावर ठेवणार. रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी साधारण ९ ग्रॅम. तेवढ्याचेच पैसे येणार, तेही घट कापून. परदेशी साइटचाही विचार सोडा. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की असल्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती कसली फी घेत नाही. आणि नाणी घरातली नसून शेतात सापडलेली असतील, जशी पैठण-तेरकडे निघतात, तर विकायचा विषयच नाही. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे ती आधी कलेक्टरला कळवावी लागतात.

आता मूळ मुद्दा. लिलावगृहाचं काम नेटकं असतं, हे आधी मान्य करतो. नाणी जमा केली की पावती मिळते, करार होतो, खरं-खोटं तेच तपासतात. बोली लावणारे देशभरातले, पैसे बुडायची भीती नाही. विकणाऱ्याकडून कमिशन, घेणाऱ्याकडून प्रीमियम, त्यावर जीएसटी. त्याचंही मला फार वाटलं नाही, कारण डोक्याला ताप नसतो. पैसे हातात यायला बरेच आठवडे लागले, पण आले, अगदी हिशोबाच्या कागदासकट.

मला खटकलं ते वेगळंच. माझे २४ रुपये त्यांनी एकाच लॉटमध्ये घातले. कॅटलॉगमध्ये फोटो एकच, सगळी नाणी ओळीने मांडलेली, खाली एक ओळ: हैदराबाद संस्थान, चांदीचा रुपया, २४ नगांचा लॉट. मी मोबाइलवर तो फोटो ताणून ताणून पाहिला. चारमिनार दिसत होता, चारमिनारचं दार दिसत नव्हतं.

या नाण्यात सगळी गंमत त्या दारात आहे. मधल्या कमानीत एक बारीक उर्दू अक्षर असतं. निजाम महबूब अली खानांच्या रुपयावर मीम, त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली खानांच्या रुपयावर ऐन. १९११ ला गादी बदलली, तसं अक्षरही बदललं. ऐनचेही दोन प्रकार आहेत. सुरुवातीचा तोकडा, नंतरचा पूर्ण. हाली जमवणारा माणूस भिंगातून आधी दारात बघतो, मग साल वाचतो. लॉटच्या फोटोत यातलं काहीच दिसेना. आजोबांनी जपलेल्या नाण्यांवर चांदीच्या भावाच्या जरा वर बोली थांबली, आणि मला ते फार लागलं. स्वस्त नाणी एकत्र लावणं त्यांच्या दृष्टीने बरोबरच असेल. एकेका रुपयासाठी स्वतंत्र पान कोण देणार? दुसऱ्या एखाद्या लिलावगृहात वेगळंही होत असेल. माझा अनुभव एवढाच.

म्हणून ग्रुप. रात्री आठला एक नाणं टाकायचं, दोन्ही बाजूंचे फोटो आणि तिसरा फक्त दाराचा. तो तिसरा फोटो सकाळी खिडकीपाशी घ्या. ट्यूबलाइटखाली चांदी चमकते आणि अक्षर बुडतं. बोली पन्नास-पन्नासने चढते. दहाला बंद, शेवटच्या मिनिटाला बोली आली तर पाच मिनिटं वाढवून. तोकड्या ऐनचा रुपया मी असाच विकला. लॉटमध्ये एका रुपयामागे जे पडले होते, त्याच्या तिपटीच्या वर गेला.

त्रास आहेच. एकाने बोली जिंकली आणि फोन उचलणं बंद केलं. मग मी दुसऱ्या नंबरच्या गृहस्थांना विचारलं, तर त्यांना वाटलं पहिली बोली माझ्याच माणसाची होती. ते बोलणं मला दोन दिवस सलत राहिलं. शेवटी ॲडमिनने त्या पळालेल्याला काढलं आणि मी ते नाणं नव्याने मांडलं. तेव्हापासून पैसे आल्याशिवाय पाकीट बांधत नाही, पोस्टात विमा उतरवूनच पाठवतो आणि पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ काढून ठेवतो. रात्रीचे दोन तास देणं जमणार नसेल किंवा अनोळखी माणसांशी पैशाचं बोलायला संकोच वाटत असेल, तर लिलावगृहच बरं. डब्यात सोन्याची अशरफी निघाली तरीही तिकडेच जा. एवढी मोलाची वस्तू ग्रुपवर मांडायची माझी छाती नाही, आणि तिला लॉटमध्ये कोणी कोंबणारही नाही.

फक्त रुपयेच असतील तर मात्र आधी भिंग घ्या आणि दार बघा. आणि काही झालं तरी चिंच-राखेने घासू नका. आमच्या आजीने प्रेमाने तीन घासून लख्ख केले होते. त्या तिन्हींवर ग्रुपमध्ये कोणी पहिली बोलीसुद्धा लावली नाही. काळपट राहिलेल्यांतले सात अजून माझ्याकडे आहेत, दर शनिवारी एक मांडतो. या शनिवारी महबूब अली खानांचा आहे, दारातला मीम अगदी स्वच्छ.