एम.एड., एम.ए. मानसशास्त्र की एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स?

मुलांची गणिताची भीती, वाचनाची गोडी, आत्मविश्वास हे सगळं आकड्यांत मोजायला शिकायचंय, तर मराठवाड्यात नेमक्या 'मनोमापन' (मनाचे गुण आकड्यांत मोजण्याचं शास्त्र) या नावाची पदवी शोधण्यात वर्ष घालवू नका. संभाजीनगरचं विद्यापीठ असो की नांदेडचं, जायचं या तीनपैकी एका वाटेनंच.

एम.एड.ला आधी बी.एड. किंवा पदवीसोबत डी.एल.एड. हवं. याचा मोठा फायदा म्हणजे शाळा हाताशी असतात. मुख्याध्यापक ओळखीचे, परवानगीचं पत्र चहाबरोबर मिळतं. सांख्यिकी मात्र बऱ्याचदा दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या टी-चाचणीवर, म्हणजे 'टी-मूल्य काढा, ०.०५ स्तरावर शून्य परिकल्पनेचा ('फरक नाही' या गृहीताचा) त्याग करा' एवढ्यावरच थांबते. समजा परभणी तालुक्यातल्या दहा शाळा घेतल्या, पाचांत नवी अध्यापन पद्धत, पाचांत जुनी. प्रत्येकी तीस मुलं, म्हणजे न्यादर्श (अभ्यासासाठी निवडलेली मुलं) ३००. प्रबंधात ३०० हा आकडा भारदस्त दिसतो. पण एका वर्गातली मुलं एकाच गुरुजींच्या हाताखालची, ती एकमेकांसारखी उत्तरं देणारच. गुणांतल्या फरकातला २० टक्के भाग शाळाशाळांमधला असेल तर माहिती किती पटीनं घटते त्याचं गणित असं: १ + (३० − १) × ०.२ = ६.८. तीनशेला ६.८ ने भागा. हाती उरतात साधारण ४४ मुलांइतकी माहिती! साधी टी-चाचणी हे बघतच नाही, त्यासाठी मूल आणि शाळा हे दोन्ही स्तर वेगळे धरणारं बहुस्तरीय विश्लेषण लागतं. ते एम.एड.ला कुणी आपणहून शिकवेल या भरवशावर राहू नका.

एम.ए. मानसशास्त्राला बहुतेक ठिकाणी बी.एड.ची अट नसते. इथं चाचणी बांधायला शिकता: विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी तेच येतं का), वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का), प्रमाणीकरण (गुणांची तुलना करायला मानकं ठरवणं), शिवाय प्रात्यक्षिकं. माझा कल इकडे आहे, आणि त्याला कारण माझीच एक फजिती. गणिताच्या भीतीची प्रश्नावली केली होती. प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबॅकचा अल्फा (१९५१ पासून सगळे हाच काढतात; एकाच्या जितका जवळ तितका चांगला) आला फक्त ०.३१. रात्रभर सूत्र तपासलं. चूक सूत्रात नव्हतीच. 'गणिताचा तास आला की पोटात गोळा येतो' आणि 'गणितं सोडवायला मजा येते' या दोन्ही विधानांना 'पूर्ण सहमत'चे सारखेच पाच गुण दिले होते. मजेची विधानं उलटी मोजायची राहिली होती. आकडा बघून आधी विधानांकडे वळायची सवय या विषयात लागते.

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा पाया सगळ्यांत पक्का: संभाव्यता, प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज), बहुचल विश्लेषण (अनेक गोष्टींचा एकत्र अभ्यास). पण बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स किंवा गणित नसेल तर हा विषय सोडाच. आणि पुढची मेख आधीच पाहून ठेवा. नेट (महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) साधारणपणे ज्या विषयात एम.ए. किंवा एम.एस्सी. केली त्याच विषयातून द्यायची असते. स्टॅटिस्टिक्स सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या नेटमध्ये, गणितीय विज्ञानात येतं. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशालाही नेटचे गुण धरतात. त्यामुळे शिक्षणशास्त्र विभागात नोकरी हवी असेल तर ही वाट फार लांबची पडते.

सॉफ्टवेअरचं ओझं घेऊ नका. एसपीएसएसला पैसे पडतात, आर आणि जामोवी फुकट आहेत.

बी.एड. झालेलं असेल आणि अध्यापक महाविद्यालयातच शिकवायचं असेल तर निमूट एम.एड. करा, आर घरी शिका. मोकळे असाल तर मानसशास्त्र. फॉर्म भरण्याआधी मात्र एक दिवस काढून त्या विभागाच्या ग्रंथालयात जा. गेल्या तीन वर्षांचे लघुप्रबंध मागा आणि थेट माहितीच्या विश्लेषणाचं प्रकरण उघडा. दहापैकी दहांत नुसती टक्केवारी आणि टी-मूल्यं दिसली तर काय समजायचं ते समजा. एखाद्यात घटक विश्लेषण (अनेक प्रश्नांमागचे मोजके घटक शोधणं) किंवा बहुस्तरीय प्रतिमान सापडलं, तर पान उलटून मुखपृष्ठावर या. मार्गदर्शकाचं नाव तिथंच असतं.